पहाटे चार ते सात

मूल,
३ मार्च २०२५

आदरणीय बोरकर सर,
सप्रेम जय भीम.

एमबीएच्या शेवटच्या तासाला तुम्ही आम्हा सगळ्यांना पाच-पाच पाकिटं वाटली होती. तिकीट लावलेली, वर तुमचा पत्ता घातलेली. "नोकरीत ज्या दिवशी सही करताना हात थांबेल, त्या दिवशी सही करायच्या आधी मला हातानं पत्र लिहायचं. फोन नाही, मेल नाही. फोनवर माणूस स्वतःला फार लवकर फसवतो," असं म्हणाला होतात. मागच्या बाकावरचे खुसुखुसू हसले होते. कुलदीपनं तर पत्त्यावर कागद चिकटवून त्यातून मावशीला लग्नपत्रिका पाठवली. मी मात्र पाचही दोन वर्षं जपून ठेवली. आज पहिलं वापरते आहे.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. जंगलाच्या कडेच्या चौदा गावांत आमच्या कंपनीचे कॅमेरे आहेत. वाघ दिसला की मशीन ओळखतं आणि गावातला भोंगा वाजतो. या भागाची व्यवस्थापक मी. मशीनला साठ टक्के खात्री झाली की भोंगा वाजावा, असं आजवर ठरलेलं आहे.

अडचण हिरडीटोल्याची आहे. मागच्या उन्हाळ्यात तिथं पहाटे चार ते सात या वेळात भोंगा चौतीस वेळा वाजला. नागपूरच्या ऑफिसनं तपासलं तर त्यातले एकतीस इशारे खोटे निघाले, वाघ नव्हताच. लेकरं दचकून उठतात अशी सरपंचाची तक्रार आहे. मुख्य कार्यालयाला मार्च संपायच्या आत खोटे इशारे कमी झालेले हवेत, कारण करार नव्यानं व्हायचा आहे. म्हणून त्यांनी सुचवलंय की पहाटे चार ते सात या वेळात मशीनला नव्वद टक्के खात्री असेल तरच भोंगा वाजावा. कागद माझ्या टेबलावर आहे. खाली सही माझी लागते.

सर, एकतीस वेळा मशीनला तिथं काय दिसलं, हे मला कळत नाही. फोटो मागितले तर "आकडे दिलेत ना" असं उत्तर आलं. पहाटे जाऊन स्वतः बघावं म्हटलं, तर कंपनीची गाडी आठच्या आधी निघत नाही. तुम्ही फळ्यावर लिहायचा ना, "मशीन सांगतं, माणूस ठरवतो"? तर माणूस इथं बसलाय आणि त्याला ठरवता येत नाही. सही करू का?

तुमची विद्यार्थिनी,
हर्षा रामटेके

*

चंद्रपूर,
१९ मार्च २०२५

चि. हर्षा,
जय भीम.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इकडे श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आपल्या महाविद्यालयात 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मूल्याधिष्ठित नेतृत्व अभ्यास केंद्र' सुरू झालं. मंडप, पाहुणे, शाली, नारळ, सगळं मलाच बघावं लागलं. एक उद्योगसमूह उदार मनानं पाठीशी उभा राहिला म्हणून हे जमलं. तुझं पत्र मी उद्घाटनाच्या भाषणात वाचून दाखवलं (नाव न घेता). टाळ्या पडल्या. पाकिटांची माझी कल्पना पाहुण्यांना फार आवडली.

आता तुझा प्रश्न. तुला शंका आली याचा मला अभिमान आहे. पण शंकेत बसून राहणं म्हणजे नेतृत्व नव्हे. चौतीसपैकी एकतीस इशारे खोटे! खोटा इशारा म्हणजे यंत्राचं खोटं बोलणंच आहे. रोज खोटं ऐकलं की लोक खऱ्या भोंग्यालाही कूस बदलून झोपतील. म्हणजे लोकांचा विश्वास जपायचा तर खोटे इशारे थांबवणं हेच नैतिक आहे.

फोटो बघायचा हट्ट कशाला? व्यवस्थापकानं एकेक फोटो बघायचा म्हटलं तर मशीन काय शोभेला ठेवलंय? आकडा स्वच्छ आहे. सही कर, खाली तारीख घाल, आणि तीन महिन्यांनी आढावा घे. सही करायची हिंमत लागते, आणि ती तुझ्यात आहे.

तुझा,
धनराज बोरकर

*

मूल,
६ एप्रिल २०२५

आदरणीय सर,

एकवीस मार्चला सही केली.

परवा शुक्रवारी पहाटे हिरडीटोल्यात सुगंधाबाई गुरनुले यांना वाघानं मारलं. मोहाची फुलं वेचायला गेल्या होत्या, घरापासून चार-पाचशे पावलांवर, स्वतःच्या बांधावरच्या झाडाखाली. चार वाजून बावन्न मिनिटांनी कॅमेऱ्याला वाघ दिसला होता. मशीनला चौऱ्याऐंशी टक्के खात्री होती. भोंगा वाजला नाही.

कंपनीनं दुपारी बातमीदारांना कागद दिला. "इशारा यंत्रणा सुरू होती. मृत महिला सूचना असूनही जंगलाकडे गेली." शनिवारच्या पेपरात तसंच छापून आलं. काल त्यांचा नवरा नथ्थूभाऊ ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"बाई, भोंगा वाजलाच नाई," तो म्हणाला. "मी जागाच होतो, चहा मांडून राह्यलो होतो. वाजला असता तं मी तिले जाऊ देलं असतं का? आता गाव मले म्हणते, नथ्थू खोटं बोलून राह्यला. घरातला भांडणतंटा असन म्हणते. तुमच्या मशीनमंधी लिवलं असन नं, वाजला का नाई वाजला? तेवढं सांगा."

मशीनमध्ये लिहिलं होतं. माझ्या टेबलावर होतं. मी त्याला म्हटलं, वरून माहिती आली की सांगते. असं म्हणताना मला स्वतःची किळस आली, ते तुम्हाला सांगते.

संध्याकाळी नागपूर ऑफिसातल्या पुनमनं ते एकतीस फोटो मला गुपचूप पाठवले. सर, मी ते पाहिले. सगळ्या बाया आहेत. मोहाची फुलं रात्री गळतात, उजाडायच्या आत वेचली नाहीत तर जनावरं खाऊन जातात. वेचायचं म्हणजे तास-तास ओणवं राहायचं, हात जमिनीला. अंधारात ओणवी बाई, पाठीवर पदर, झाडाखालचा पाचोळा जाळल्याचा धूर. मशीनला चार पायांचं जनावर दिसलं. नागपूरच्या ऑफिसात कुणीतरी फोटो पाहिला, 'वाघ नाही' असं टिचकलं आणि पुढचा घेतला. 'बाई आहे' असं टिचकायला तिथं जागाच नव्हती.

तो भोंगा बाया तिथं आहेत म्हणून वाजत होता. आणि आम्ही नेमकी तीच वेळ शोधून तो गप्प केला.

एकतीसपैकी नऊ फोटोंत सुगंधाबाई आहेत. हिरवं लुगडं, शेजारी टोपली. मागच्या वर्षी त्या नऊ वेळा खोटा इशारा होत्या.

आता काय करू, ते सांगा. या वेळी लवकर सांगा.

हर्षा

*

चंद्रपूर,
९ एप्रिल २०२५

चि. हर्षा,

तुझं पत्र दुपारच्या टपालानं आलं आणि लगेच लिहायला बसलो आहे. फार वाईट झालं. माझं मन सुन्न आहे.

पण बाळा, घाईत काही करू नकोस. दुःखाच्या भरात माणूस स्वतःवर नको तेवढं ओढवून घेतो. वाघाचा हल्ला हा शेवटी निसर्गाचा प्रकार आहे. भोंगा वाजला असता तर त्या थांबल्याच असत्या, हे कोण सांगणार? तूच लिहिलं होतंस की लोकांना भोंग्याचा त्रास होतो. चौकशी होईल, तज्ज्ञ बघतील. तू आपणहून कुणाला काही बोलू नकोस. नथ्थूभाऊला तर मुळीच नाही. गावात राग वाढतो, त्यातून कुणाचंच भलं होत नाही.

एक छोटंसं काम आहे. माझं १९ मार्चचं पत्र तुझ्याकडे असेल. ते परत पाठव. केंद्राच्या दप्तरात विद्यार्थ्यांशी झालेला पत्रव्यवहार एकत्र ठेवायचा आहे. मूळ प्रतच लागेल. फोटो काढून ठेवायची गरज नाही.

आणि हे लक्षात घे की त्या पत्रात मी जे लिहिलं ते अभ्यासाच्या अंगानं होतं. प्रत्यक्षातला निर्णय हा नेहमी जागेवरच्या माणसाचा असतो.

काळजी घे, जेवत जा.

धनराज बोरकर

*

मूल,
१५ एप्रिल २०२५

सर,

सोळा दिवसांनी उत्तर देणारा माणूस या वेळी त्याच दिवशी उत्तर देतो, तेव्हा त्याला कशाची घाई आहे ते एमबीए न शिकलेल्यालाही कळतं. पत्र परत मिळणार नाही.

आधी माझं सांगते. मी काही परक्या मुलखातून आलेली नाही. माझ्या आईचं माहेर जंगलाच्या कडेचं. काल तिला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, तिचे हात थांबले. "तुले माहीत नव्हतं का वं?" म्हणाली. "तुले टोपल्यात बसवून नेत होतो आमी मोहाखाली. थंडीनं कुडकुडत बसे, फुलं तोंडात घाले अन् मंग डोकं दुखते म्हणून रडे. तुले चार वाजता कोण असते तिथी हे माहीत नव्हतं?" माहीत होतं, सर. सगळं माहीत होतं. पण कागदावर 'पहाटे चार ते सात' असं वाचलं तेव्हा मला फक्त आकडे दिसले. दोन वर्षं फी भरून मी ते विसरायला शिकले, आणि चांगले मार्क मिळवले.

तुमच्या पेपरातला तो प्रश्न मला अजून आठवतो. "यंत्राच्या चुकीची किंमत कोण मोजतो?" मी लिहिलं होतं, ज्याला यंत्र चालू आहे की बंद हेही कुणी सांगत नाही, तो. तुम्ही वीसपैकी एकोणीस दिले होते. शेजारी लाल पेनानं "उत्तम" लिहिलं होतं.

आता तुमचं. चौकशीसाठी जुनी फाइल काढली, तर त्यात ११ जानेवारीचं प्रमाणपत्र निघालं. "यंत्रणेचं नैतिक परीक्षण करण्यात आलं असून ती मानवी जीविताच्या दृष्टीनं सुरक्षित आढळली." ठिकाण नागपूर. खाली सही, प्रा. धनराज बोरकर, नीती सल्लागार. म्हणजे तुमच्या केंद्राच्या पाठीशी उदार मनानं उभा राहिलेला उद्योगसमूह आमचाच. तुमच्या पत्रात तेवढं एकच नाव राहून गेलं.

तुम्ही हिरडीटोल्यात कधी गेला होतात, सर? गाव मूलपासून अठरा किलोमीटर आहे. चंद्रपूरहून एसटीनं मूल, तिथून काळीपिवळी. हे मी विचारते आहे, टोमणा नाही. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

बावीस तारखेला हिरडीटोल्याच्या ग्रामपंचायतीत वनखात्याची चौकशी आहे. मी सगळं सांगणार आहे.

हर्षा

*

चंद्रपूर,
१८ एप्रिल २०२५

हर्षा,

तू माझी परीक्षा घेतलीस, तर घे उत्तर. नाही गेलो हिरडीटोल्याला. प्रमाणपत्रावरची सही नागपूरच्या एका हॉटेलात झाली, जेवणाच्या आधी. चाळीस पानांचा अहवाल होता. मी शेवटचं पान वाचलं. सगळे तेच करतात. तू मला साधू समजत होतीस का?

माझे वडील गिरणीच्या बॉयलरवर होते. बावीस वर्षं मी तासिकेच्या पैशावर शिकवलं. ज्या विषयाला कुत्रंही विचारत नव्हतं, तो विषय घेऊन उभा राहिलो. त्या केंद्रामुळे पहिल्यांदा माझ्या नावाची पाटी लागली आहे. तिथं सहा माणसं कामाला आहेत. त्यांचीही घरं चालतात. तू बावीस तारखेला माझं पत्र पुढे केलंस, तर केंद्राला टाळं लागेल आणि सुगंधाबाई काही परत येणार नाहीत.

आणि हेही खरं की सही तू केलीस. मी "कर" म्हटलं, तू केलीस. तुझ्या आईनं तुला चार वाजता काय असतं ते दाखवलं होतं. मला कुणी दाखवलं नव्हतं.

हे कडू झालं, मला कळतं. म्हणून एक मार्ग सुचवतो. नोकरी सोड, पण शांतपणे सोड. केंद्रात तुझ्यासाठी जागा काढतो. तुझा हा सगळा अनुभव आपण नवीन मुलांना शिकवू, नावं बदलून. इतका जिवंत धडा कुठल्याही पुस्तकात नाही. मुलांचे डोळे उघडतील. त्यातून पुढची शंभर गावं वाचतील. एका चौकशीनं काय होतं?

विचार कर. आणि ते पत्र जाळून टाक.

ध. बोरकर

*

मूल,
२ मे २०२५

सर,

विचार केला. सुगंधाबाईंचं नाव बदलून तुम्ही काय ठेवलं असतं, एवढाच विचार केला. सुचलं नाही.

बावीस तारखेला मी सगळे कागद दिले. माझी सही, चार बावन्नची नोंद, एकतीस फोटो, पुनमचं नाव मात्र दिलं नाही. तुमचं पत्रही दिलं. चौकशीच्या साहेबांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि परत माझ्या हातात ठेवलं. "हे खाजगी पत्र आहे, नोंदीत घेता येत नाही." प्रमाणपत्राबद्दल म्हणाले, ते जानेवारीचं आहे, तेव्हा भोंगा साठ टक्क्यांवरच होता, त्यामुळे ते बरोबरच आहे. तेव्हा निर्धास्त राहा. तुमच्या पाटीला धक्का नाही.

अहवालात असं आलं आहे की स्थानिक महिला कर्मचाऱ्यानं पहाटेच्या इशाऱ्याची मर्यादा स्वतःच्या अधिकारात बदलली. कंपनीनं मला काढलं. निरोपाच्या पत्रात "मूल्यांशी तडजोड खपवून घेतली जाणार नाही" असं वाक्य आहे. ते वाक्य मला ओळखीचं वाटलं. तुमच्याच नोट्समधलं आहे, दुसऱ्या प्रकरणातलं.

एक गोष्ट मात्र झाली. साहेबांनी बाहेर येऊन गावासमोर वाचून दाखवलं की त्या पहाटे भोंगा वाजला नव्हता. नथ्थूभाऊ पायरीवर बसला होता. "मले एवढंच पायजे होतं," म्हणाला. मी त्याच्यापाशी गेले आणि सांगितलं की सही माझी होती. तो उठून उभा राहिला. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग त्यानं विचारलं, "मंग आता भोंगा चालू झाला नं?"

नाही झाला. तेच सांगायला हे पत्र. कंपनी म्हणते, सेटिंग एकदा बदललं की पुन्हा बदलायला नीती सल्लागाराचं नवीन प्रमाणपत्र लागतं. बिनपरीक्षणाचं काही करणं आता धोक्याचं आहे म्हणे. आणि सल्लागार आजारी रजेवर आहेत. म्हणजे पहाटे चार ते सात भोंगा अजून नव्वदवरच आहे. मोह संपला, पण मे लागला. आता तेंदूपत्ता सुरू होईल. तोही पहाटेच तोडतात, ऊन चढायच्या आत. हे तुम्हाला कुणी दाखवलं नव्हतं म्हणून मी लिहून कळवते आहे. आता माहीत नव्हतं म्हणू नका.

तुम्हाला काय आजार झालाय ते मी विचारत नाही. सही करायला अंथरुणातून उठावं लागत नाही, पण या वेळी जाऊन, बघून करा.

हे माझं चौथं पाकीट. पाचवं मी नथ्थूभाऊला दिलं. तुमचा पत्ता त्यावर आहेच.

हर्षा

*

हिरडीटोला,
१२ मे २०२५

बोरकर मास्तरायले नथ्थू गुरनुले याचा नमस्कार.

मले लिवता येत नाई. माही पोरगी रंजीता लिवून राह्यली. ते दहावीले आहे. मी सांगतो तसंच लिव म्हटलं तिले, पुस्तकातलं नोको लिवू म्हटलं.

हर्षाबाईनं तुमचं पत्र मले वाचून दाखवलं. सगळं समजलं नाई, पण विश्वास जपाचा म्हणून भोंगा बंद करा, हे समजलं. मास्तर, आमाले भोंग्याचा तरास होता हे खरं आहे. लेकरं उठत होते. मीबी शिव्या देत होतो. पण सुगंधा काय म्हणे सांगू? ते म्हणे, वाजू द्या, तो वाजला का मी एकदा मान वर करून चारीकडं पायते. मोहा वेचताना माणूस मान वर करत नाई, मास्तर. फुलं पायता पायता दुनिया इसरते. भोंगा खोटा वाजला तरी तिची मान वर होये. तुमच्या गणितात हे कुठी लिवलं असन तं पाहा.

हर्षाबाईवर मी रागावलो. अजूनबी राग आहे. पण ते माह्या दारात आली अन् मी केलं म्हणाली. तुमच्यातलं दुसरं कोणी आलं नाई.

आता कामाचं. भोंगा तुमच्या सहीसाठी अडला म्हणते. मंग या नं. तुमी पोरायले शिकवता, साहेब कसं व्हाचं ते. त्यायलेबी घेऊन या. आठच्या गाडीनं नोका येऊ, तवा इथी काहीच दिसत नाई. पहाटे चारले या. काठी आमच्यापाशी आहे. सगळ्यायले एकेक झाडाखाली वाकवतो घंटाभर, अंधारात, मान खाली. भोंगा बंद आहे हे त्यायले माहीत असाले पायजे. मंग उजाडलं का चहा घेऊ, अन् मंग तुमी सही करा का नोका करू, मी काही म्हणत नाई.

तेंदूपत्ता चालू झाला. मी पोरीले जाऊ नोको म्हणतो. ते आयकत नाई. सगळ्या बाया जाते म्हणते, आई जात होती म्हणते.

नथ्थू गुरनुले
(अंगठा)

सर, मी रंजीता. बाबांनी सांगितलं तेवढंच लिहिलं. आमच्या गावात टपालपेटी नाही, मूलला जावं लागतं. उद्या पहाटे तेंदूपत्ता तोडून आले की टाकते.